खरा वाढदिवस कधी?

दरवर्षी १ जूनला केक कापून झाला की कुणीतरी विचारतंच, "ही मास्तरांनी लावलेली तारीख ना? खरा वाढदिवस कधी?" मी बालगृहात वाढलो हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते परत सांगत नाही. खरा वाढदिवस लपवलेला नाही, विसरलेलोही नाही. तो नाहीच.

तुमच्या आजोबांचाही १ जूनच असेल. पण "मोठा पूर आला त्या वर्षी झाला" एवढं तरी घरात कुणी सांगत होतं. आमच्यात सांगणारं कुणी नसतं. कागदही नसला की मग हाडांना विचारतात.

ते कसं, तेही ऐका. पोराला सिव्हिलमध्ये नेतात. आधी दात बघतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या. मग एक्स-रे. तळहात उपडा, बोटं फाकवून, थंडगार प्लेटवर, हलायचं नाही. मनगटात आठ बारकी हाडं असतात. जन्मल्यावर फिल्मवर ती सहसा दिसतही नाहीत, वयाबरोबर एकेक दिसू लागतं, ती मोजायची. मोठ्या पोरांचं कोपर, खांदा, कंबरही काढतात. वाढत्या हाडाच्या टोकाशी काळी फट असते, ती कितपत बुजली ते बघतात. मुलींची आधी बुजते. घोळ होतो तो इथेच. पोटाला न मिळालेल्या पोराची हाडं मागे राहतात, सात वर्षांचं पोर पाचाचं दिसू शकतं. आणि संस्थेत भरल्या पोटी येतं कोण? एक्स-रेच्या अंदाजात दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलंय. रिपोर्टात येतं "अंदाजे ५ ते ६ वर्षे". तारीख त्यात नसतेच. ती घालतो रजिस्टर लिहिणारा, आणि शाळा जूनला उघडते म्हणून १ जून. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९४ आहे. बाल कल्याण समितीने नोंदवलेलं वय त्या कायद्यापुरतं खरं धरलं जातं.

तुमच्या १ जूनने तुमचं काही बिघडत नाही. आमची मात्र त्या दिवशी अठरा भरतात. बारावीचा निकाल मे महिन्यात, प्रवेशाची धावपळ जूनमध्ये, आणि अठरा भरली म्हणून बालगृहातली कॉट सोडायची त्याच आठवड्यात. आधारवर पत्ता संस्थेचा, जिथे आता राहता येत नाही. त्याच कायद्यात बाहेर पडणाऱ्यांच्या मदतीचं कलम ४६ आहे, २१ पर्यंत राहायला अनुरक्षणगृह आहे, मान्य. पण त्या कलमात मदत "देता येईल" असं आहे, "मिळेल" असं नाही. कागद आधीपासून हलवावे लागतात, आणि तेव्हा पोरगं बोर्डाच्या परीक्षेत असतं.

पूर्वी मी म्हणायचो, एक वर्ष कमी लिहिलं असतं तर? काही झालं नसतं. पहिलीत वर्षभर उशिरा बसलो असतो, बारावीही तितकीच पुढे गेली असती. डिसेंबर लिहिला असता तर मात्र सहा महिने मिळाले असते, पहिलं सेमिस्टर तरी पार पडलं असतं. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं नाही, हे आज कळतं. राग गेलाय असं मात्र नाही.

केक आणत जा, त्याला हरकत नाही.