तुम्ही विचारलंत म्हणून: हाफला खेळणारी पोरगी करते काय?

बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर मी शिकवते त्या पोरींची फुटबॉल मॅच संपली की पोरी बूट सोडायला बसतात आणि त्यांच्या आया माझ्याकडं येतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. परवा वडगावच्या एका आईनं विचारला तसाच लिहिते: "बाई, आमची पोरगी तासभर नुसती पळूलीय बघा. गोल एक मारत नाही. मग ती करते तरी काय?"

पाऊस लागला होता, सगळ्यांना घरी जायची घाई होती. मी एवढंच म्हटलं, "ती हाफला खेळते." त्यांनी मान हलवली, पण उत्तर मिळालं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हणून आज नीट सांगते.

हाफ म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू. मागं बॅक, पुढं फॉरवर्ड आणि मधे ही. समोरच्या गोलीनं लांब मारलेला बॉल दोघींच्या डोक्याला लागून उडाला की तो कुठं पडणार हे ओळखून तिथं आधी पोचायचं. आपली राईट बॅक हौसेनं वर गेली की तिच्या रिकाम्या जागेत जाऊन उभं राहायचं, आणि ती परत आली की गुपचूप आपल्या जागी यायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल पायाशी यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं. मागं कोण आहे हे ठाऊक नसेल तर बॉल आला की वळणार कुठं? माझ्या निम्म्या पोरी घरी कन्नड बोलतात, निम्म्या मराठी. मैदानावर मी दोन्ही भाषांत एकच ओरडत असते: "मागं बघ!" "हिंद नोड!" आता तर मराठी पोरी एकमेकींना "हिंद नोड" म्हणतात आणि कन्नड पोरी "मागं बघ" म्हणतात.

यातलं काहीच बॉलकडं बघणाऱ्याला दिसत नाही. रिकाम्या जागेत ती उभी राहिली म्हणून समोरच्यांनी तिकडं पास दिलाच नाही, तर त्या न दिलेल्या पासला टाळ्या कोण वाजवणार?

मीही हाफलाच खेळायचे. शहापुरात आमच्या गल्लीतल्या पोरांना अकरावा गडी कमी पडायचा, म्हणून मला घ्यायचे. फॉरवर्डला जायला कुणी देत नसे, मधे उभं करायचे. घरात मागाचा खडखडाट, बाहेर तांबडा चिखल, आणि त्या चिखलात मी दुसऱ्यांच्या पायातला बॉल काढून घ्यायला शिकले. १९९५ ला दहावी झाली आणि खेळ बंद झाला. भांडण झालं नाही, कुणी रागावलं नाही. बूट माळ्यावर गेले, एवढंच. "आता मोठी झालीस" हे वाक्य पुरेसं होतं.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये महिलांचा विश्वचषक झाला. त्यात ब्राझीलकडून सतरा वर्षांची एक मुलगी मधल्या फळीत खेळत होती. हे मला कळलं चोवीस वर्षांनी, २०१९ ला, आणि तेही ती अजून खेळत होती म्हणून. मी चाळिशीची, ती एक्केचाळीस. मोबाईलवर ते पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही.

तिचं नाव मिराइल्देस मासिएल मोता. जग तिला फॉर्मिगा म्हणतं. पोर्तुगीजमध्ये फॉर्मिगा म्हणजे मुंगी. लहानपणी तिचा खेळ बघूनच हे नाव पडलं: स्वतःसाठी नाही, सगळ्यांसाठी राबणारी. ब्राझीलच्या साल्वादोर शहरात ३ मार्च १९७८ ला ती जन्मली तेव्हा तिच्या देशात बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती. हे मी पालकांना दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसत नाही. ज्या देशाचं नाव काढलं की आपल्याला फुटबॉलच आठवतो, त्या ब्राझीलमध्ये! १९४१ ला सरकारनं हुकूम काढला की स्त्रीच्या प्रकृतीशी न जुळणारे खेळ बायकांनी खेळू नयेत. तो हुकूम १९७९ पर्यंत टिकला. आमच्याकडं माळा होता, तिकडं कायदा होता.

त्या कायद्यात जन्मलेली मुलगी पुढं सात विश्वचषक खेळली, १९९५ ते २०१९ मधला एकही न चुकवता. बायकांचा फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो १९९६ ला अटलांटात. तिथपासून टोकियोपर्यंतच्या सातही ऑलिंपिकमध्ये ती होती. पदकं किती? अथेन्स २००४ आणि बीजिंग २००८, दोन्ही रौप्य. दोन्ही वेळा अंतिम सामना अमेरिकेशी, आणि दोन्ही वेळा जादा वेळेत हार. मधे २००७ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीकडून ०-२. म्हणजे चार वर्षांत तीनदा ती शेवटच्या पायरीवरून परत आली. मला या तीन हारांबद्दल नेहमी वाटत आलंय की कुणालाही खेळ सोडायला एवढं कारण पुरलं असतं. ती त्यानंतर तेरा वर्षं देशासाठी खेळली. २०१५ च्या विश्वचषकात सदतिसाव्या वर्षी तिनं दक्षिण कोरियाविरुद्ध गोलही मारला. २०१६ च्या शेवटी निवृत्त झाली, आणि दोन वर्षं व्हायच्या आत राष्ट्रीय संघानं तिला परत बोलावलं, कारण तिच्या जागेवर उभं राहणारं कुणी मिळेना.

ती जागा म्हणजे काय हे मला एका मॅचमध्ये उघड दिसलं. १३ जून २०१९, फ्रान्समधलं माँपेलिए, ब्राझील विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ब्राझील २-० नं पुढं होतं. मध्यंतराच्या तोंडावर ऑस्ट्रेलियानं एक गोल फेडला. मध्यंतरानंतर फॉर्मिगा मैदानात आली नाही, ब्राझीलची नामवंत फॉरवर्ड मार्ताही आली नाही. ब्राझील ती मॅच २-३ नं हरलं. लोक म्हणतात मार्ता नव्हती म्हणून. मार्ता थोरच आहे, पण मी त्या उत्तरार्धात बॉलकडं बघतच नव्हते. मी फॉर्मिगाच्या, आठ नंबरच्या जागेकडं बघत होते. आधी जिथं बॉल अडत होता तिथून तो आता सरळ आत जात होता. हे माझं मत आहे, कुणाला पटणार नाही. पण हाफला खेळलेल्या कुणालाही विचारा.

त्यानंतर २०२१ ला, त्रेचाळिसाव्या वर्षी, ती पॅरिस सेंट-जर्मेन क्लबकडून फ्रान्सची लीग जिंकली. ल्यों संघ सलग चौदा वर्षं ती लीग जिंकत आला होता, त्यात त्या वर्षी खंड पडला.

आणि शेवट आपल्यापाशी झाला. २५ नोव्हेंबर २०२१ ला मनाउस शहरात ती ब्राझीलकडून अखेरची खेळली, ती भारताविरुद्ध. आपल्याकडं तेव्हा २६ ची सकाळ उजाडली होती. ब्राझीलनं पहिल्याच मिनिटाला गोल केला, आठव्या मिनिटाला आपल्या मनीषा कल्याणनं तो फेडला. पुढं आपण १-६ नं हरलो. उत्तरार्धात उशिरा फॉर्मिगा बदली म्हणून आत आली. त्या मॅचचे तुकडे मी पोरींना दाखवते. मनीषाचा गोल त्या पुन्हा पुन्हा लावायला सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. मग मी फॉर्मिगा लावते आणि विचारते, "बॉल नसताना हिचं डोकं कुठं वळतंय?"

पुढं काय होणार, नोकरीबिकरी, हेही तुम्ही विचारता. तर भारताच्या मधल्या फळीतली इंदुमती कदिरेसन तामिळनाडू पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाली. संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात आहे. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून भारत आशियाई चषकाला पात्र ठरला. आपले दोन्ही गोल संगीताचे, म्हणजे हाफचे. पण तुमच्या पोरीची हमी मी यावर देणार नाही. बेळगावातून कोल्हापूरला मॅचेस बघायला एसटीनं जाणारे बाप मी खूप पाहिलेत. मुलीला सकाळी सहाला मैदानावर सोडणारे अजून थोडे आहेत. तुम्ही सोडता, मला त्याची किंमत आहे.

त्या वडगावच्या ताईंना मी एवढंच मागते. रविवारी साडेसहाला मॅच आहे. छत्री घेऊन कडेला उभ्या राहा आणि पहिली दहा मिनिटं बॉलकडं बघू नका. बॉल कुठंही जाऊ दे, नजर पोरीवरच ठेवा. ती मागं किती वेळा बघते ते बोटांवर मोजा. मागच्या रविवारी मी मोजलं तेव्हा दोन्ही हातांची बोटं संपली होती आणि दहा मिनिटं व्हायची होती.