सेतूवरून टेस्टिंगला

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून लिहून देते. दारव्हा तालुक्यातल्या पोरापोरींचे मला मेसेज येतात, त्यात प्रश्न एकच असतो: ताई, कोणता कोर्स लावू? जावा का पायथन? मी उलट विचारते, सध्या काय करतोस? मग उत्तर यायला दोन दिवस लागतात. घरी बसलोय म्हणायची लाज वाटते, आणि जे करतोय ते सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून माझं लिहून टाकते.

मी यवतमाळला बीसीए केलं, अमरावती विद्यापीठाचं. आमच्या कॉलेजात कॅम्पस भरतीला कुणी येत नसे. घरी पाच एकर, कापूस आणि तूर. निकाल लागल्यावर दारव्ह्यात एका दादाच्या सीएससीवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावर, बसले. बोर्डावर 'आपले सरकार सेवा केंद्र', लोकांच्या तोंडी नुसतं सेतू.

ज्यांनी जुलैअखेरचा सेतू पाहिला नाही त्यांना सांगते. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा आणला. तेव्हा शेतकऱ्याकडून एक रुपया घ्यायचा, सेवा केंद्राला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळायचे. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, पेरणीचं स्वयंघोषणापत्र, सगळं घेऊन माणसं सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर. ३१ जुलै जवळ आली की साइट बसायची. फॉर्म भरून झाला, 'सबमिट' दाबलं, चक्र फिरतंय, आणि समोरचे काकाजी माझ्या तोंडाकडे पाहताहेत. पैसे कटले, पावती नाही. आता पुन्हा भरायचं का? पुन्हा भरलं तर दोनदा होईल का? हे कुठंच लिहिलेलं नसायचं.

पीएम किसानच्या केवायसीला वेगळीच गंमत. निंदण-वेचणी करून बोटं इतकी घासलेली की मशीन अंगठा घेतच नाही.

"काहून व बाई, हे माहा आंगठा कायले घेत नाही? मी का चोर हाय?"

मग ओल्या फडक्यानं बोट पुसायचं, अंगठा नाही तर मधलं बोट लावून पाहायचं, तरी नाही तर ओटीपी. ओटीपी जायचा पोराच्या मोबाइलवर, पोरगा पुण्यात कंपनीत, शिफ्टमध्ये फोन बंद. तो जेवणाच्या सुट्टीत आकडा सांगणार, तोवर इकडे सेशन संपलेलं.

मी एक रजिस्टर ठेवलं होतं. कोणत्या साइटला, कोणत्या पानावर, किती वाजता, काय मेसेज आला, आणि मग काय केल्यावर झालं. गट नंबर '४५/१/अ' टाकला तर रकाना तिरकी रेघ घेत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टरमध्ये, माणूस सांगतो एकरात. चार एकर म्हणजे १.६२ हेक्टर, पण घाईत कुणी ४ टाकलं तर एखादी साइट अडवते आणि एखादी मुकाट्यानं पुढं जाऊ देते. दादा म्हणायचा, "हे कायले लिहून राह्यली व? कोणी पगार देते का याचा?" मी लिहायचे कारण तीच अडचण उद्या दुसऱ्या माणसासोबत पुन्हा येणार होती, बाकी काही नाही.

दिवाळीला आत्तेभाऊ आला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सेतूवर बसल्या बसल्या रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, आमच्याकडं याचा पगार देतात, टेस्टिंग म्हणतात त्याला.

तर मी पुण्याला गेले. कारंज्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स, वाकडला कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत चार कॉट. वेळ वाईट निवडली असं सगळेच म्हणत, आणि खोटं नव्हतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून माणसं ६०,००० हून जास्त घटली. मोठ्यांनी भरती आखडली की चांगल्या कॉलेजची पोरं छोट्या कंपन्यांच्या रांगेत येतात, आणि आपण त्यांच्या मागं. फ्रेशर हवाय म्हणून जाहिरात, खाली अट एक ते दोन वर्षांचा अनुभव. शिवाय दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के. माझे बारावीला तेवढे होते म्हणून बरं.

टेस्टिंगचा क्लास लावला. क्लास ठीक होता, सिलेनियम (टेस्टिंग आपोआप करून घ्यायचं टूल) आणि जावाचा पाया तिथंच पक्का झाला. पण रेझ्युमे बनवताना सरांनी सेतूची ओळ काढायला सांगितली. म्हणे, सायबर कॅफे वाटतं, एचआर पुढं वाचणार नाही. त्याऐवजी 'ई-कॉमर्स वेबसाइट टेस्टिंग प्रोजेक्ट' टाक, सगळे टाकतात. मी ओळ काढली नाही. सगळ्यांनी तेच टाकलं असेल तर माझं कोण वाचणार, इतका साधा हिशोब होता.

याच भागात एक दुसरं दुकान चालतं, त्याच्याविषयी स्पष्ट लिहिते. पैसे द्या, तीन वर्षांचं अनुभवपत्र घ्या, पगाराच्या स्लिपा घ्या, मुलाखतीत तुमच्याऐवजी कुणीतरी उत्तरं सांगेल. माझ्या खोलीतल्या एका पोरीच्या बापानं त्यासाठी बैलजोडी विकली होती. ती रुजू झाली, आणि पडताळणीत अडकली. पीएफचा यूएएन नंबर असतो, त्यात कोणत्या कंपनीनं कोणत्या महिन्यात पीएफ भरला ते दिसतं. तीन वर्षं नोकरी आणि पीएफचं खातं कोरं, हे कागदी अनुभवपत्रानं झाकत नाही. तिला परत पाठवलं. बैलजोडी गेली ती गेलीच.

प्रमाणपत्र घ्यायचंच असेल तर आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फाउंडेशन परीक्षा आहे. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना २५ टक्के जास्त वेळ मिळण्याची सोय आहे, म्हणजे ७५ मिनिटं. नोंदणी करतानाच विचारा. या प्रमाणपत्रानं नोकरी मिळत नाही. मात्र मुलाखतीत समोरचा 'बाउंडरी व्हॅल्यू' (रकान्यात चालणाऱ्या आकड्याची कड) म्हणाला की तो एकर-हेक्टरबद्दलच बोलतोय हे तुम्हाला कळतं. मला तरी तेवढाच उपयोग झाला, आणि तो कमी नव्हता.

ज्या मुलाखतीत माझं झालं ती बाणेरच्या एका छोट्या कंपनीत. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. मॅडमनी ठरलेला प्रश्न टाकला: लॉगिन पेजचे टेस्ट केस सांगा, म्हणजे तिथं काय काय तपासाल. बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, रिकामा रकाना, एवढं मी पटकन सांगून टाकलं. ते हल्ली एआयही मिनिटभरात लिहून देतो. मग म्हटलं, मॅडम, ओटीपी दुसऱ्या गावातल्या मुलाच्या फोनवर गेला आणि तो वीस मिनिटांनी सांगतोय, तर? पैसे कटले आणि पावतीच्या आधी लाइट गेली, तर? एकाच कॉम्प्युटरवर दिवसभरात शंभर लोकांचे फॉर्म भरले जातात आणि मागच्या माणसाचं नाव पुढच्याच्या रकान्यात येतं, तर? त्यांनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, हे कुठं पाहिलं? मी बॅगेतून रजिस्टर काढलं.

इंग्रजीची भीती मला अजूनही आहे. त्या दिवशी मी अर्धं हिंदीत बोलले, चाललं. काम मिळाल्यावर कळलं की बग, म्हणजे सापडलेली चूक, लिहायला फार थोडं इंग्रजी पुरतं: कोणत्या पायऱ्या केल्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तीच पंधरा-वीस वाक्यं फिरून फिरून येतात. बोलायचं इंग्रजी हळूहळू येतंय, स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, अजून माझा नंबर लवकर संपतो.

सुरुवातीला हातात १८,००० यायचे. कॉट, डबा, बस जाऊन जे उरायचं त्यात घरी पाठवण्यासारखं काही नसे. बाबांना हे पटवणं मुलाखतीपेक्षा अवघड गेलं, कारण गावात 'पुण्याला आयटीत' म्हटलं की लोक लाखाचा आकडा धरून चालतात.

नोकरीतला आवडता बग सांगते. एका पतसंस्थेत 'वऱ्हाडे' आडनावाचा खातेदार शोधला की मिळेना, यादीत मात्र तो डोळ्यांसमोर. डेव्हलपर म्हणाला, स्पेलिंग चुकवतेयस. पण 'ऱ्ह' मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला कोड नंबर देणारी पद्धत) दोन प्रकारे लिहिता येतो: एकात नुक्तावाला र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. नोंद एका कीबोर्डनं झालेली, शोध दुसऱ्यानं. त्याला विश्वास बसेपर्यंत मी दोन्ही प्रकार कोड नंबरासकट समोर मांडले. वऱ्हाडातून आलेल्या पोरीनं वऱ्हाडे शोधला म्हणून ऑफिसात बरेच दिवस चिडवत होते. तसंही आमच्याकडं जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये चिकटवला की जो कचरा दिसतो तो पाहून मोठं झालं की अक्षरांवर सहज विश्वास बसत नाही.

दादाच्या सेतूवर आता दोन पोरी बसतात. दोघींनाही टेस्टिंगला यायचंय. कोर्सचं नंतर पाहू म्हटलं, आधी रोज जी साइट वापरता तिच्यातला एक बग लिहून पाठवा. पहिलीचा रिपोर्ट आला: "साइट चालत नाही." परत पाठवला, कोणतं पान, किती वाजता, कोणतं बटण, पडद्यावर काय आलं ते लिही म्हणून. काल दुसरी आवृत्ती आली: "ताई, रात्री ११ नंतर चालते." हे बरंच सुधारलंय. ब्राउझर कोणता ते अजून कळवलेलं नाही.