घेतो किती, विकतो किती : आमची वाटचाल

आम्ही दोघी बहिणी जुन्या, दुर्मिळ वस्तूंचा व्यापार करतो. ताई पोष्टाची तिकिटं आणि नाणी बघते. मी ट्रेडिंग कार्डं, म्हणजे खेळाडूंची किंवा पात्रांची जमवायची छापील कार्डं, जुनी खेळणी आणि हिशेब. ताईकडची डुप्लिकेट तिकिटं विकण्यापासून सुरुवात झाली. मग ओळखीच्या संग्राहकांचे संग्रह विकायला येऊ लागले आणि छंदाची फर्म झाली.

"म्हणजे स्वस्तात घेऊन महागात विकता?" हे आम्हाला आजही विचारलं जातं. हो, विकतो. दुकानदारी म्हणतात ती हीच. फरक इतकाच की साबणाची किंमत वेष्टणावर छापलेली असते आणि आमच्या मालाची किंमत पुष्कळदा एकाच बाजूला ठाऊक असते. आमच्या धंद्यातला खरा पेच इथे आहे, नफ्याच्या टक्क्यात नाही.

कायदा पुनर्विक्रीच्या बाजूने बराच उदार आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं की हे एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये. एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: एकदा विकलेल्या प्रतीची पुढची किंमत प्रकाशकाने कॉपीराइटच्या जोरावर ठरवायची नाही. पण वस्तू मुळात विक्रेत्याची नसेल तर हा उदारपणा संपतो. १९३३ सालची अमेरिकेची वीस डॉलरची सोन्याची नाणी चलनात न आणता वितळवायची ठरली होती, तरी काही टांकसाळीबाहेर पोचली. त्यातली दहा एका कुटुंबाने अस्सल आहेत का हे पाहायला सरकारकडेच पाठवली. सरकारने ती परत दिली नाहीत, आणि लांबलेल्या खटल्यात न्यायालयानेही ती सरकारचीच ठरवली. नाणी टांकसाळीबाहेर पडल्याला तोवर सत्तरहून जास्त वर्षं झाली होती. म्हणून आम्ही प्रत्येक विक्रेत्याकडून ओळखपत्र आणि मालकीचं लेखी निवेदन घेतो. काहींना राग येतो. येऊ दे. हस्तिदंताला तर आम्ही हातच लावत नाही. देशागणिक नियम वेगळे, ब्रिटनमध्ये २०२२पासून थोडे अपवाद सोडून विक्रीच बंद.

आता तो पेच. कुणाचे वडील जातात, मुलगा अल्बम घेऊन येतो आणि म्हणतो, "बघा, काही येतील का याचे?" ताईला तिसऱ्याच पानावर कळतं की एक तिकीट बाकी सगळ्या अल्बमपेक्षा महाग आहे. तिचं म्हणणं सुरुवातीला असं होतं की ही नजर तिने वर्षानुवर्षं डोळे फोडून कमावली आहे, तिचा मोबदला घेण्यात गैर काय? दाखला म्हणून ती विल्यम रोबी सांगायची. १९१८ साली त्याने पोष्टाच्या खिडकीवर २४ डॉलरला शंभर तिकिटांचं पान घेतलं. त्यावरचं विमान उलटं छापलं गेलं होतं. थोड्याच दिवसांत त्याने ते १५ हजार डॉलरला विकलं. अधिकाऱ्यांनी परत मागितलं, त्याने दिलं नाही. कायद्याने त्याचं काही चुकलं नव्हतं.

माझं उत्तर असं, की खिडकीवरच्या कारकुनाने रोबीला "याची किंमत किती?" असं विचारलं नव्हतं. किंमत छापलेली होती, ती त्याने मोजली. दुकानदाराने स्वतःच चिठ्ठी लावून मांडलेली वस्तू आम्हीही निमूट घेतो, तिथे त्याने आपलं घर सांभाळावं. पण जो आम्हाला किंमत विचारतो, त्याच्यासाठी आम्ही त्या क्षणी मूल्यमापक झालो. मूल्यमापकानेच कमी भाव सांगून माल उचलायचा, ही सरळ फसवणूक आहे. न्यायालयात ती सिद्ध करणं अवघड जाईल म्हणून ती वेगळी होत नाही. ताईला हे पटायला वेळ लागला, पण पटलं. आता महाग वस्तू आम्ही वेगळ्या काढून नावानिशी लिहून देतो आणि दोन वाटा ठेवतो: आजच रोख, म्हणजे आमचा नफा वजा करून; नाहीतर कमिशनवर विक्री, पैसे उशिरा पण जास्त. बरेच लोक रोखच घेतात, गंमत म्हणजे सगळं कळल्यावरही.

नवा माल अडवून चढ्या भावाने विकण्यात आम्ही पडलो नाही. अमेरिकेत २०१६च्या कायद्याने बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे संगणक प्रोग्रॅम, लावून कार्यक्रमांची तिकिटं उचलायला बंदी आहे, पण तो कायदा कार्डांना किंवा खेळण्यांना लागू नाही. म्हणजे तिथे मोकळं रान. २०२१मध्ये ट्रेडिंग कार्डांसाठी मारामारीपर्यंत गोष्ट गेली, तेव्हा 'टार्गेट' या अमेरिकी दुकानसाखळीला दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवावी लागली. जुन्या वस्तूचा व्यापारी निदान ती शोधतो, ओळखतो, जपतो. दुकानाच्या फळीवरचा माल सकाळी उचलून दुपारी विकणारा काय करतो, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

दुरुस्त केलेली वस्तू मात्र आम्ही विकतो, दुरुस्ती पावतीवर लिहून. होनस वॅग्नर या जुन्या अमेरिकी बेसबॉलपटूचं ते प्रसिद्ध कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरला गेलं आणि २०१३ साली व्यापारी बिल मास्ट्रोने कबूल केलं की त्याच्या कडा त्याने कापल्या होत्या. तेव्हापासून ग्रेडिंगची डबी, म्हणजे कार्ड तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीचं बंद प्लास्टिकचं वेष्टण, पाहूनही मी भिंग काढते.

सध्याचा वाद कॉमिकच्या मूळ पानांवरून आहे. युरोपियन युनियनमध्ये चित्रकाराला पुनर्विक्रीत वाटा मिळतो, साधारण चार टक्क्यांपर्यंत, आणि एका विक्रीत हा वाटा १२,५०० युरोपेक्षा जास्त नाही. ज्या किमान विक्रीकिमतीपासून तो लागू होतो, आमची पानं तिच्या आतच बसतात. ताई म्हणते, कायदा मागत नाही तर द्यायचं कशाला? मी म्हणते, चित्रकार हयात असेल तर विचारून तरी बघू. एकमत होईपर्यंत पानांची खरेदी बंद ठेवली आहे.