बाजारपेठेत रेस्टॉरंट आणायची तर आधी मागचं दार बघा : माझा अनुभव

गावातल्या बाजारपेठेत गाळे रिकामे पडू लागले की बोलणी दर्शनी भागापासून सुरू होतात. दिवे लावू, पाट्या एकसारख्या करू, रंग देऊ, कुंड्या ठेवू. आमच्या गटानेही सुरुवात तिथूनच केली आणि पहिले काही महिने त्यातच घालवले. गाळा बघायला आलेले हॉटेलचे अनुभवी लोक मात्र पुढचा भाग दोन मिनिटांत बघून थेट मागे जात. त्यांचे प्रश्न ठरलेले असत : धूर कुठून काढायचा, सांडपाणी कुठे जातं, वीज किती मिळेल, कचरा कुठून न्यायचा? यांची उत्तरं आमच्याकडे नव्हती, म्हणून आलेला माणूस परत जाई. म्हणून पहिल्या दिवसापासून जसं करायला हवं होतं, त्या क्रमाने हे लिहितो आहे.

सर्वांत आधी या कामाला एक ठरलेला माणूस हवा. अमेरिकेत 1977 साली तीन लहान गावांत बाजाररस्ते सावरण्याचा जो प्रयोग झाला आणि ज्यातून 1980 साली ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम उभा राहिला, त्यातही प्रत्येक रस्त्याला एक पूर्णवेळ व्यवस्थापक होता. आमचाही अनुभव तसाच आहे. गाळेमालक, वीज खातं, स्थानिक प्रशासन आणि होऊ घातलेला भाडेकरू या चौघांशी एकच माणूस सलग बोलत राहिला, तरच गोष्टी पुढे सरकतात. समितीत वाटून घेतलेलं काम दोन बैठकांच्या मध्ये थांबून राहतं.

मग मोजणी. दुकानदारांना विचारून गर्दीचा अंदाज बांधू नका; त्यांना गल्ल्यावरची गर्दी दिसते, रस्त्यावरची दिसत नाही. रस्त्याच्या दोन ठिकाणी प्रत्येकी एक जण बसवा. दर तासाला 15 मिनिटं मोजा आणि आकड्याला 4 ने गुणा. जाणारे आणि येणारे वेगळे लिहा, थांबणारे वेगळे. सकाळी 8 ते रात्री 10, एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा आणि एक खराब हवेचा. रेस्टॉरंट बारा महिने चालवायचं असतं, म्हणून तो तिसरा दिवस टाळू नका. या तक्त्यावरून रस्त्याला सकाळचं गिऱ्हाईक आहे, दुपारचं आहे की फक्त संध्याकाळचं, हे कळतं आणि कुणाला बोलवायचं ते त्यावरूनच ठरतं.

आता गाळे. प्रत्येक रिकाम्या गाळ्याचा दोन पानी कागद तयार करा : नकाशा, खांब, तुळईखालची उंची, मागच्या बोळाची रुंदी, छताचे आणि मागच्या भिंतीचे फोटो. तुळईखालची उंची लोक हमखास विसरतात. चुलींवरच्या हूडची, म्हणजे धूर ओढणाऱ्या झाकणाची, खालची कड जमिनीपासून साधारण 2 मीटरवर येते, हूड सुमारे 60 सेंटीमीटर उंच, त्यावर डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी चौकोनी नळी, 40 सेंटीमीटर. म्हणजे 3 मीटर मोकळी उंची लागलीच. ती नसेल तर त्या गाळ्यात भरपूर तळण-भाजणीचं स्वयंपाकघर बसवायला जाऊ नका. तिथे पेयं, बेकरीचा माल किंवा बाहेरून तयार होऊन येणारे पदार्थ विकणारा माणूस शोधा.

धुराचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त व्यवहार तिथे मोडतात. चुली आणि तव्यांची रांग झाकायला 2.4 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद हूड लागला असं धरू. हूड उपकरणांच्या उघड्या बाजूंना किमान 15 सेंटीमीटर पुढे आला पाहिजे, नाहीतर कडेची वाफ निसटते. हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.5 मीटर धरला, तर तासाला सुमारे 5,200 घनमीटर हवा बाहेर काढावी लागते. डक्टमध्ये वेग सेकंदाला 9 मीटरच्या आसपास ठेवला, तर डक्ट 40 बाय 40 सेंटीमीटरचा येतो. हा चौकोन मागच्या भिंतीवरून छताच्या माथ्याच्याही वर निदान एक मीटर जायला हवा. वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल, तर तो त्यांच्या खिडकीशेजारून जाणार. म्हणून वरच्या रहिवाशांशी आधी बोला आणि डक्टची जागा त्यांच्या समोर भिंतीवर खडूने आखून दाखवा. कागदावरची रेघ बघून दिलेली संमती डक्ट प्रत्यक्ष चढायला लागला की फिरते.

जितकी हवा बाहेर जाते, तिच्या साधारण 80 ते 85 टक्के ताजी हवा स्वयंपाकघरात वेगळ्या वाटेने आत आली पाहिजे. उरलेली जेवणाच्या दालनातून ओढली जाते, त्यामुळे वास बाहेर पसरत नाही. ही हवा आत आणायची सोय खर्च वाचवायला वगळली जाते. मग पुढचं दार उघडायला जड जातं, दार उघडताच बाहेरची धूळ आत येते, आणि एवढी मोटर लावूनही हूड धूर ओढत नाही. अशा वेळी मोटर बदलू नका, आधी हवेची वाट करा.

सांडपाण्यासाठी बाहेरच्या चेंबरची खोली मोजा. 100 मिलिमीटरच्या नळीला मीटरमागे 2 सेंटीमीटर उतार धरला, तर 20 मीटर लांबीला 40 सेंटीमीटर उतार लागतो. चेंबर उथळ असेल, तर स्वयंपाकघर चेंबरच्या बाजूलाच घ्यावं लागेल. चरबी अडवणारा ग्रीस ट्रॅप इमारतीबाहेर, मागच्या बोळात, जिथे उपसणारी गाडी पोचेल अशा जागी. प्रत्येक रेस्टॉरंटचा ट्रॅप स्वतंत्र ठेवा. तिघांत एक ठेवला की साफ कुणी करायचा यावर वाद होतो, आणि तोवर चरबी मुख्य गटारात जाऊन बसते. तरंगती चरबी आणि तळाचा गाळ मिळून खोलीचा चौथा भाग व्यापला की ट्रॅप उपसायचाच. भांडी धुण्याच्या यंत्राचं कढत, साबणाचं पाणी ट्रॅपमधून नेऊ नका. त्यात चरबी विरघळल्यासारखी होऊन पुढे निसटते आणि थंड झाल्यावर गटारात थिजते.

विजेत आम्ही एक चूक केली. एका रेस्टॉरंटची जोडलेली उपकरणं 40 किलोवॅट असली, तरी सगळी एकदम चालत नाहीत. 65 ते 70 टक्के धरले की पुरतं. हेच सूत्र आम्ही रस्त्यावरच्या चार रेस्टॉरंटना मिळून पुन्हा लावलं. ते चुकीचं आहे. एका स्वयंपाकघरातली उपकरणं आळीपाळीने चालतात, पण चारही स्वयंपाकघरांची घाई संध्याकाळच्या त्याच दोन तासांत असते. चौघांचा भार सरळ बेरीज करून ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासून घ्या.

भाड्याचं बोलणं रकमेवरून करू नका, ताटांवरून करा. 80 चौरस मीटरच्या गाळ्यात 35 टक्के, म्हणजे 28 चौरस मीटर स्वयंपाकघर, कोठार आणि भांडी धुण्याला जातात. स्वच्छतागृह आणि वाटेला आणखी 10. उरतात 42. माणशी दीड चौरस मीटर धरला तर 28 खुर्च्या. टेबलं कधीच पूर्ण भरत नाहीत, चौघांच्या टेबलावर दोघं बसतात. म्हणून एका वेळी 20 माणसं धरा. चांगल्या संध्याकाळी दोन पंगती, 40 माणसं. महिन्यात 26 दिवस असंच चाललं तर 1,040. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी एकच पंगत होते. 8 दिवस 40 आणि 18 दिवस 20 धरले की बेरीज 680. रेस्टॉरंटला भाडं उलाढालीच्या 10 टक्क्यांपुढे झेपत नाही, म्हणजे महिन्याचं भाडं 68 माणसांच्या बिलाएवढं. मालकाच्या डोक्यात 104 माणसांचं बिल असतं, कारण त्याने रस्ता सुट्टीच्या संध्याकाळी पाहिलेला असतो. हे कोष्टक आणि मोजणीचा तक्ता मालकापुढे शेजारी शेजारी ठेवला की बोलणी जमिनीवर येतात.

करारात चार गोष्टींवर आम्ही ठाम राहिलो. इमारतीत कायम राहणारं ते मालकाच्या खर्चाने, म्हणजे डक्टचा मार्ग, ग्रीस ट्रॅप, थ्री फेज जोडणी. उचलून नेता येणारं भाडेकरूच्या खर्चाने. भाडं परवाने हातात आल्यावर आणि काम पुरं झाल्यावर सुरू. वापर बदलायची परवानगी लेखी मिळेपर्यंत करार सशर्त. आणि मुदत निदान पाच वर्षांची, भाडेकरूला मधे बाहेर पडण्याच्या एका सोयीसह. मालक पहिल्या गोष्टीला सर्वांत जास्त अडतो. त्याला सांगायचं ते हेच, की हा भाडेकरू गेला तरी डक्ट राहतो आणि पुढचा भाडेकरू त्यावर येतो.

बोलवायचं कुणाला? मोठ्या साखळ्यांच्या मागे लागू नका. त्यांची लोकसंख्येची किमान अट ठरलेली असते आणि गाव त्यात बसत नाही. चांगल्या स्वयंपाकघरात दुसऱ्या क्रमांकावर काम करणारे, घरगुती ऑर्डर घेणारे, गाडीवर रांग लागणारे, जवळच्या गावात एक रेस्टॉरंट नीट चालवणारे, अशांकडे आपण होऊन जा. एक गाळा किमान सोयींसह तयार ठेवून तिथे 4 ते 6 आठवड्यांची चाचणी करू द्या. रोजची ताटं, वाया गेलेलं अन्न आणि कामाचे तास त्यांनी लिहून ठेवावेत एवढीच अट घाला. सजावटीत सगळं भांडवल घालून बसणाऱ्याला थांबवा. निदान तीन महिन्यांचे पगार, भाडं आणि माल यांचे पैसे बाजूला नसतील, तर उत्तम पदार्थ असूनही शटर पडतं.

तीन रेस्टॉरंट मिळाली तर ती 60-70 मीटरच्या आत एकत्र बसवा. लांबलचक रस्त्यावर विखुरली की प्रत्येकाला एकट्याने माणसं ओढून आणावी लागतात. मात्र तिन्ही संध्याकाळची नकोत. दिवसभर खाली ओढलेल्या शटरची रांग लागली की शेजारच्या औषधवाल्याचं, शिंप्याचं गिऱ्हाईक तुटतं, आणि ज्यांच्यासाठी हे सारं मांडलं तेच आधी जातात. कोपऱ्याचा गाळा सकाळी लवकर उघडणाऱ्यालाच द्या. उद्घाटनं एकाच दिवशी करू नका. गावात प्रशिक्षित हात मोजके असतात. दोन उद्घाटनांत महिनाभर अंतर ठेवलं, तर एकमेकांची माणसं पळवली जात नाहीत.

उघडल्यानंतरच्या तक्रारी बहुतेक मागच्या बाजूच्या असतात. शीतगृहाच्या कॉम्प्रेसरची रात्रीची घरघर भिंतीतून वर चढते, म्हणून खाली रबरी पाया आणि शक्यतो भिंतीपासून सुटी चौकट. बाटल्या रात्री रिकाम्या करायच्या नाहीत, सकाळी 8 नंतर. मालाच्या गाड्या सकाळी 10 च्या आत. कर्मचाऱ्यांची वाहनं दुकानांसमोर नकोत, कारण ती दिवसभर हलत नाहीत आणि 20 मिनिटांसाठी आलेला खरेदीदार पुढे निघून जातो. टेबलं पदपथावर मांडली तरी 1.8 मीटर वाट मोकळी राहिली पाहिजे, दोन व्हीलचेअर समोरासमोरून जातील इतकी. ही रेघ फरशीवर रंगवून टाका.

तिसऱ्या महिन्यात सगळे ग्रीस ट्रॅप उघडून काठीने खोली मोजा, हूडचे फिल्टर काढून बघा आणि पहिल्यासारखीच 15 मिनिटांची मोजणी त्याच दोन जागी बसून पुन्हा करा. या वेळी एक रकाना वाढवा : रेस्टॉरंटमधून बाहेर पडून शेजारच्या दुकानात शिरणारे किती.