सातचा भोंगा

गावाची माहिती द्यायची म्हटलं की लोक सरळ लिहून टाकतात, ग्रामपंचायत आहे, झेडपीची शाळा आहे, अंगणवाडी, नळपाणी, झालं. पण आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे ना, तिथं २०२२ च्या १५ ऑगस्टपासून वेगळंच सुरू झालं. रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजायचा, की टीव्ही बंद, मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला, मग साडेआठला परत भोंगा वाजला की सुटका. लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन शाळेच्या नावाखाली पोरांच्या हातात मोबाईल गेला तो काय परत येईना, म्हणून हा उपाय. सुरवातीला शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई घरोघरी बघत फिरायच्या, कारण पोरांपेक्षा मोठ्यांचीच सिरीयल सुटत नाय हे सगळ्यांना माहितीये!

बाकी तालुक्यात ताकारी योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आणलं आणि ऊस वाढला, ते वेगळं. मला मात्र भोंगाच भारी वाटतो, ना टेंडर ना ठेकेदार. आमच्या गावात ग्रामसभेला कोरमच भरत नाय, तिथं भोंगा कोण लावणार म्हणा.