पुड्यातल्या पेन्सिली

दोघे सख्खे भाऊ. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा साडेपाच. दोघेही जन्मतः बहिरे, आणि कारणही एकच: जीजेबी-२ जनुकातला दोष आई-वडील दोघांकडून आलेला. त्या दोघांना उत्तम ऐकू येतं, पण दोघेही वाहक, म्हणजे दोष अंगात असून स्वतः बहिरे नाहीत, म्हणून दर बाळंतपणात मूल बहिरं असण्याची चारात एक शक्यता. आई लग्न होऊन सख्ख्या आत्याच्याच घरी गेलेली, म्हणजे नवरा-बायको एकाच रक्ताचे.

"मुलगे उशिराच बोलतात," या कुणाच्या तरी सल्ल्यावर थोरल्याची साडेतीन वर्षं गेली. नंतर लावलेल्या कानाच्या मशीनचा फारसा उपयोग झाला नाही. त्याच्यामुळे धाकट्याची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणारी) मात्र तिसऱ्या महिन्यातच झाली, दीड वर्षाचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकू येण्यासाठी कानाच्या आत यंत्र बसवलं. आज तो अखंड बडबडतो.

घरचे दोघांना घेऊन माझ्याकडे आले, तक्रार थोरल्याबद्दल होती. वस्तू फेकतो, चावतो. आजी म्हणाल्या, "आज्यावर गेलाय. रक्तच तापट."

मी बिस्किटांचा पुडा काढला. आत पेन्सिली भरलेल्या. दोघांना वेगवेगळं बसवून उघडून दाखवला, बंद केला आणि विचारलं: आई बाहेर आहे, तिनं हा पुडा बघितला तर आत काय असेल असं तिला वाटेल? धाकटा लगेच म्हणाला, "बिस्किटं!" आणि तोंडावर हात ठेवून हसला. थोरल्याला चित्रं मांडून, खुणा करून तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यानं पेन्सिलीवर बोट ठेवलं.

हाच मुलगा ठोकळ्यांची नक्षी माझ्यापेक्षा भरभर लावतो. बुद्धी कमी नाही. आपल्याला ठाऊक आहे ते आईलाही ठाऊकच आहे, असं तो धरून चालतो. मग हवं ते ती मुद्दाम देत नाही असं वाटून चावणारच ना? दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असतं हे मूल बोलण्याचालण्यातूनच शिकतं. बहिऱ्या आई-वडिलांची, पाळण्यापासून खुणांच्या भाषेत वाढलेली मुलं या पुड्याचं बरोबर उत्तर ऐकणाऱ्या मुलांच्याच वयात देतात. याच्या वाट्याला 'ये', 'जेव', 'नको' एवढ्याच खुणा आल्या होत्या.

हे सांगताना माझा आवाज चढला असावा. आई रडत होती. त्याच दिवशी आम्ही सगळ्या घराला भारतीय सांकेतिक भाषा शिकवायला घेतली.

निघताना आजी दारातून परत आल्या. "बाई, 'का' असं हातानं कसं विचारायचं? त्याला आम्ही कधी विचारलंच नाही."