कुरईच्या घाटापर्यंत: नागपूरच्या सायकलस्वारांसोबत २०० किलोमीटर

नागपुरात सायकल केव्हा चालवायची हे ऊन ठरवते. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर उभे राहवत नाही. त्यामुळे या शहरातला सायकलस्वार, मग तो डॉक्टर असो, बँकेतला कारकून असो की अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पहाटे साडेचार-पाचला घराबाहेर पडतो. आणि सगळेच त्या सुमारास बाहेर पडत असल्यामुळे त्यांची गाठ त्याच त्या ठिकाणी, सेमिनरी हिल्सच्या चढावर, फुटाळ्याच्या काठी, तेलंगखेडीच्या वळणावर किंवा अंबाझरीच्या बाजूला, पुन्हा पुन्हा पडत राहते. ओळख व्हायला वेगळे काही करावे लागत नाही. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पेडल मारण्याची लकब यांवरून अंधारातही माणूस ओळखू येतो. नागपूरच्या सायकलस्वारांमध्ये जो घट्ट जिव्हाळा आहे तो या वेळेने घडवला आहे, असे मला मनापासून वाटते.

रविवारची राइड लांबची असते. काटोल रोडने फेटरीवरून कळमेश्वरकडे जाणारा रस्ता माझ्या विशेष आवडीचा, कारण जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहराची संत्र्याची फुले उमलतात तेव्हा बागांच्या कडेने जाताना तो वास किलोमीटरभर पाठ सोडत नाही. परतल्यावर शहरात शिरताच कुठल्या तरी टपरीवर सायकली भिंतीला लावून तर्री पोहे खाल्ल्याशिवाय राइड पूर्ण झाली असे कोणी मानत नाही. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर बारीक चिरलेला कांदा, चिवडा आणि लिंबाची फोड. पुढच्या आठवड्याचा मार्ग, कोणाच्या सायकलची चेन बदलायला झाली आहे, कोणाचा गुडघा दुखतो आहे, हे सगळे त्या बशीवरच ठरते आणि कळते.

या छंदाला शहरात जे वजन आले त्यात २०१७ या वर्षाचा वाटा मोठा आहे. त्या वर्षी नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मर्यादेत एकट्याने पूर्ण केली. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती त्याच वर्षी पूर्ण केली होती. पुढच्या वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही पार पाडली. आपल्याच गावचा, आपल्याच अमरावती रोडवर आणि वर्धा रोडवर सराव करणारा माणूस हे करू शकतो, हे दिसल्यावर अनेकांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या.

शर्यत मात्र सगळ्यांना मानवत नाही, आणि माझ्यासारख्यांसाठी ब्रेव्हे हा प्रकार अधिक जवळचा आहे. पॅरिसच्या १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनुसार जगभर या लांब पल्ल्याच्या राइड होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास अशी मर्यादा असते. एका हंगामात हे चारही टप्पे पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनियर म्हणतात. क्रमांक कोणालाही दिला जात नाही. पहिला आलेला आणि शेवटच्या मिनिटाला पोहोचलेला, दोघांची नावे सारख्याच मानाने यादीत येतात. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे ठरवून दिलेल्या तपासणीच्या ठिकाणीच घेता येते. मधल्या रस्त्यावर तुमची सायकल, तुमचे सामान आणि तुमचे सहस्वार एवढेच तुमचे असते. या एका नियमामुळे परक्या माणसाच्या पंक्चरसाठी थांबणे अंगवळणी पडते.

जानेवारीतल्या एका रविवारी अशाच २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, मध्य प्रदेशातल्या कुरईच्या घाटापर्यंत जाऊन परत यायला, आम्ही झिरो माइलपासून निघालो. चार घोडे आणि दगडी स्तंभ असलेली ही जागा नागपूरकरांच्या ओळखीचीच आहे. इथून जुन्या काळी कुठल्या गावाला किती मैल पडत, हे तिथल्या दगडावर कोरलेले आहे, आणि त्यांत आमच्या दिशेचे सिवनीही आहे. अंधार होता आणि थंडी बोटे बधिर करणारी होती. स्वयंसेवकांनी प्रत्येकाचा पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि चमकणारे जॅकेट तपासले, ब्रेव्हे कार्डावर सुटण्याची वेळ लिहिली आणि सहा वाजता आम्हाला सोडले.

कामठी रोडवर गड्डीगोदामपाशी खाली जुना रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असा चार मजली प्रकार आहे. आम्ही अर्थातच सर्वांत खालून गेलो. त्या वेळी तो रस्ता आमच्यासारख्यांचा एकट्यांचा नसतो. रात्रपाळी संपवून परतणारे चौकीदार, बांधकामावर निघालेले मजूर, मागच्या कॅरिअरला भाजीची पोती बांधून बाजाराकडे येणारी माणसे, सगळे काळ्या, जड, गिअर नसलेल्या सायकलींवर समोरून येत होते. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे मॉडेल मिल आली. त्या गिरण्यांच्या आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या पाळ्यांनी या शहराला सायकलची सवय लावली. ती आमच्या कार्बनच्या फ्रेम येण्याच्या फार आधीची गोष्ट आहे. सायकलस्वारांचा समुदाय म्हटले की त्यात हीही माणसे धरली पाहिजेत, असा माझा आग्रह असतो. आमच्या गटात चांगली पद्धत अशी आहे की समोरून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हात करायचा. बहुतेक जण हात करतात, काही नुसते हसतात.

कामठीची छावणी मागे टाकून कन्हान नदीच्या पुलावर आलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि पूर्वेकडे उजाडू लागले होते. इथून पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४. गटाने जाताना पुढचा माणूस खड्डा दिसला की डावा हात खाली करून दाखवतो आणि ओरडतो, मागचा ते आणखी मागे पोहोचवतो. ‘खड्डा!’, ‘ब्रेकर!’, ‘ट्रक मागून!’ असे शब्द ओळीतून मागे जात राहतात. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो आणि आम्ही उत्तरेलाच निघालो होतो, त्यामुळे दर काही मिनिटांनी पुढचा स्वार बाजूला होऊन शेवटी जात होता आणि वारा अंगावर घेण्याची पाळी दुसऱ्याची येत होती. चाकामागे चाक ठेवून गेल्याने मागच्याची बरीच ताकद वाचते, हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण कोण दमला आहे हे न बोलता ओळखून त्याला पुढे येऊ न देणे, ही शहाणीव फक्त सोबत चालवून येते.

आमडी फाट्याच्या पुढे माझे मागचे चाक बसले. हायवेवर पंक्चर सहसा खिळ्याने होत नाही. फुटलेल्या ट्रक टायरच्या चिंधड्या कडेला पडलेल्या असतात आणि त्यांतल्या केसाएवढ्या पोलादी तारा आपल्या टायरमध्ये घुसतात. मी चाक काढेपर्यंत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका येऊन थांबले. त्यांनी टायर उलटे करून आतून रुमाल फिरवला, कारण रुमालाचा धागा तारेला अडकतो आणि तार नेमकी कुठे आहे ते कळते. बोट फिरवले तर बोट फाटते. रुमाल अडकला. जेमतेम दोन मिलिमीटरची तार होती. ती त्यांनी खिशातल्या छोट्या चिमट्याने खेचून काढली, तळहातावर ठेवून मला दाखवली आणि मगच नवी ट्यूब घालू दिली. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरायची म्हणजे ती टायरखाली चिमटत नाही, मग टायर अंगठ्यांनी रिममध्ये बसवायचे आणि पंप मारायचा. माझ्या डोक्यात गेलेला वेळ घोळत होता. काका म्हणाले, “टेन्शन नोको घेऊ, भाऊ. तू चाल, मी हाओ ना मांगं.” आणि खरोखरच मनसरपर्यंत ते माझ्या मागे राहिले. त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने जाता आले असते.

मनसरला मँगनीजची खाण आहे आणि गावालगतच्या टेकडीवर वाकाटककालीन अवशेष आहेत. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. उजवीकडे रामटेकचा गड दिसतो. या दोन्ही ठिकाणी थांबावे अशी इच्छा होती, पण ब्रेव्हेत घड्याळ चालू असते, म्हणून चहा आणि दोन केळी यांवरच भागवले आणि कार्डावर शिक्का घेतला.

मनसर सोडले की पेंचचे जंगल लागते, आणि या मार्गाचे खरे सौंदर्य इथूनच सुरू होते. महामार्ग रुंद करताना या पट्ट्यात जनावरांना खालून ओलांडता यावे म्हणून रस्ता जागोजागी पुलांवर उचलून घेतला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत. मोटारीत बसलेल्याला हे पूल कळतही नाहीत. सायकलवर मात्र पुलाचा हलका चढ पोटऱ्यांना जाणवतो, दोन्ही बाजूंना सागाचे शेंडे डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि ट्रक नसेल त्या मिनिटभरात खालच्या पानांची सळसळ ऐकू येते. एका पुलावर आमचा सगळा गट आपसूक बोलायचा थांबला. देवलापारपर्यंत आणि पुढे खवाशाच्या सीमेपर्यंत अशीच वाट आहे.

मध्य प्रदेशात शिरल्यावर कुरईपाशी रस्ता अंगावर येऊ लागतो. सपाटीवर वाढलेल्या नागपूरकराला घाटाची सवय नसते. एरवी आमचा सगळ्यात मोठा चढ सेमिनरी हिल्सचा. आमच्यातली अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जिची ही पहिलीच ब्रेव्हे होती, तिथे फार मंदावली. तिच्याबरोबर एक शाळामास्तर शेवटपर्यंत राहिले. उतरून ढकलू नकोस, सर्वांत हलका गिअर टाक आणि फक्त पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जायचे ठरव, असे ते तिला सांगत होते. घाटातल्या कंट्रोलवर ती पोहोचली तेव्हा आधी आलेले सगळे टाळ्या वाजवत उभे होते. परतीला निघून घाट उतरलो आणि कुरईत पाणी भरायला थांबलो, तर गावातली पाच-सहा मुले त्यांच्या सायकली घेऊन आमच्याभोवती जमली. मध्य प्रदेश शासन दुसऱ्या गावी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सायकली देते. त्यांच्या सायकली तशाच मिळालेल्या होत्या. एका मुलाच्या सायकलचा ब्रेक सैल होता. शाळामास्तरांनी आपली अवजारांची पिशवी उघडून त्याची तार ताणून दिली आणि कसे करायचे ते त्या मुलाकडूनच दुसऱ्या चाकावर करवून घेतले. घड्याळाचे भान असूनही एकाही स्वाराने घाई केली नाही.

येताना वारा पाठीशी होता आणि उतार आमच्या बाजूने, त्यामुळे मनसरपर्यंतचे अंतर झपाट्याने कापले. त्यानंतर दुपारचे ऊन, सुन्न झालेले तळहात आणि खोगिरावरचे दुखणे यांनी सगळ्यांनाच गप्प केले. कन्हान ओलांडले तेव्हा दिवे लावावे लागले. ऑटोमोटिव्ह चौकापासून पुढे संध्याकाळच्या रहदारीत शिरणे हा दिवसभरातला सर्वांत अवघड भाग होता, आणि तो तसा असू नये असे मला तळमळीने वाटते. ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ या केंद्र सरकारच्या उपक्रमात २०२१ मध्ये निवडल्या गेलेल्या अकरा शहरांत नागपूर होते. त्या काळात रस्त्याच्या कडेला सायकलसाठी पट्टेही रंगवले गेले. रंगाने चाकाचे रक्षण होत नाही. मोटारी उभ्या राहू शकणार नाहीत अशी कडेची मार्गिका कामठी रोडवर झाली, तर तिचा उपयोग वर्षातून काही वेळा येणाऱ्या आमच्या गटापेक्षा सकाळी भेटलेल्या त्या चौकीदारांना आणि मजुरांना रोज होईल. आपल्या शहरातल्या सायकलप्रेमींनी यासाठी जितका आवाज उठवायला हवा तितका अजून उठवलेला नाही.

झिरो माइलजवळ परत पोहोचलो तेव्हा मर्यादेला बराच अवकाश होता. विद्यार्थिनी आणि शाळामास्तर सर्वांत शेवटी आले, तेही वेळेत. तोवर कोणीही घरी गेले नव्हते. कार्डे सह्या होऊन गोळा झाली. आता ती नोंदणीसाठी जातील आणि पॅरिसकडून नोंदणी क्रमांक पडून मान्य होतील. काका ३०० च्या तयारीला लागले आहेत. तो मार्ग अमरावतीचा, जाऊन-येऊन, रात्री चालवावा लागणारा. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला, म्हणजे नव्वद तासांत १,२०० किलोमीटर करायला, जायची त्यांची इच्छा आहे आणि त्यासाठी लागणारे सगळे टप्पे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहेत. विद्यार्थिनीने त्यांना विचारले, “काका, अमरावतीला मला सोबत घ्याल का?” काकांनी तिच्या पुढच्या दिव्याकडे पाहिले आणि रात्रीसाठी याहून मोठा दिवा घ्यावा लागेल, कुठला घ्यायचा ते मी सांगतो, असे म्हणून तिचा फोन नंबर लिहून घेतला.